सातच्या पायावर संख्या तपासताना: १८५३, ४०० आणि ६१७४

६१७४ ही संख्या बहुतेक मराठी वाचकांच्या ओळखीची असते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना हे १९४९ मध्ये सापडलं. त्यांचा जन्म डहाणूचा, माध्यमिक शिक्षण ठाण्यातलं आणि शिक्षकाची नोकरी देवळालीची.

हा गुण संख्येचा आहे, की आपण ती दहाच्या पायावर, म्हणजे एकक, दहक, शतक अशा दहापट वाढत जाणाऱ्या स्थानांनी, लिहितो म्हणून दिसतो? नवख्याने हा प्रश्न सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. संख्या तीच ठेवून लिखावट बदलली की काही गुण टिकतात आणि काही नाहीसे होतात. कोणते टिकतात हे ओळखायला एक परका पाया पुरतो, आणि त्यासाठी सात हा पाया फार चांगला आहे. तो लहान आहे, विषम आहे आणि मूळ संख्याही आहे. त्यामुळे दहाच्या पायाने लावलेल्या सवयी इथे लगेच अडखळतात.

सोबत ठेवायच्या संख्या तीन. १८५३ हे वर्ष ठाणेकरांना सांगायला नको: १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. त्या गाडीला १४ डबे होते आणि आत सुमारे ४०० पाहुणे. म्हणून दुसरी संख्या ४००. तिसरी अर्थात ६१७४.

काय लागेल

चौकटींची वही, पेन्सिल, खोडरबर. एका चौकटीत एकच अंक. वजाबाकीतल्या निम्म्या चुका रकाने सरकल्यामुळे होतात, म्हणून कोऱ्या कागदावर सुरुवात करू नका. लहान मुलं सोबत असतील तर शंभरेक चिंचोके घ्या: सातांचा एक ढीग, तशा सात ढिगांचा एक मोठा ढीग. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरच्या बेस-एन मोडवर भिस्त ठेवू नका. त्यात २, ८, १० आणि १६ एवढेच पाये असतात, सात नसतो.

लिहिण्याचा एक संकेतही आधीच ठरवू. या लेखात चौकटी कंसातली संख्या सातच्या पायावरची, कंसाबाहेरची नेहमीची. म्हणजे [१०] = ७ आणि [१००] = ४९. वहीतही हे पाळा, नाहीतर तासाभरानंतर आपलीच ओळ आपल्याला कळत नाही.

पायरी १: दहातून सातात

सातच्या पायावर अंक सातच: ० ते ६. ७ हा अंक नाही, तसेच ८ आणि ९ही नाहीत. उजवीकडून स्थानांच्या किमती १, ७, ४९, ३४३, २४०१ अशा सातपट वाढत जातात.

संख्येला सातने भागा, बाकी लिहा, भागाकाराला पुन्हा सातने भागा. भागाकार शून्य झाला की थांबा.

१८५३ ÷ ७: भागाकार २६४, बाकी ५
२६४ ÷ ७: भागाकार ३७, बाकी ५
३७ ÷ ७: भागाकार ५, बाकी २
५ ÷ ७: भागाकार ०, बाकी ५

बाक्या खालून वर वाचायच्या: [५२५५]. वरून खाली वाचलं तर ५५२५ येतं, आणि तेही सातच्या पायावरचंच दिसत असल्यामुळे चूक लक्षात येत नाही. नवख्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दुसरी चूक शेवटची ओळ गाळण्याची: ५ हा सातपेक्षा लहान आहे, ‘आता भाग जात नाही’ म्हणून थांबतात आणि डावीकडचा अंकच राहून जातो. भागाकार ० लिहिल्याशिवाय थांबायचं नाही.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १८५३ ÷ ७ केलं तर २६४.७१४… असं येतं. बाकी ७१४ नाही. पूर्णांक २६४ वजा करून उरलेल्या ०.७१४… ला सातने गुणा, ५ येईल. किंवा सरळ २६४ × ७ = १८४८ काढा आणि १८५३ मधून वजा करा; हे जास्त भरवशाचं.

शेवटच्या अंकाचा अर्थ तुम्ही रोज वापरता. आज सोमवार असेल तर १८५३ दिवसांनी कोणता वार? [५२५५] चा शेवटचा अंक ५, म्हणून सोमवारनंतर पाच वार पुढे, शनिवार. उरलेले अंक पूर्ण आठवडे मोजतात.

पायरी २: उलट येऊन ताळा

प्रत्येक रूपांतरानंतर उलट या. यासाठी ३४३ आणि ४९ चे गुणाकार करत बसू नका. डावीकडून निघा, सातने गुणा, पुढचा अंक मिळवा:

५
५ × ७ + २ = ३७
३७ × ७ + ५ = २६४
२६४ × ७ + ५ = १८५३

मधले आकडे पाहा: ५, ३७, २६४. पायरी १ मधले भागाकारच उलट्या क्रमाने आले. त्यामुळे चूक असेल तर ती कोणत्या ओळीत आहे हेही कळतं. जिथे आकडे जुळेनासे होतात तिथलीच बाकी चुकली.

वाचताना [५२५५] ला ‘पाच हजार दोनशे पंचावन्न’ म्हणू नका. हजार, शंभर, पंचावन्न हे शब्द दहाच्या पायाचे आहेत. ‘पाच-दोन-पाच-पाच, पाया सात’ असं वाचायचं. मुलांना शिकवताना हा आग्रह सोडू नये, कारण शब्द चुकला की डोकं नकळत दहाच्या पायावर परततं.

पायरी ३: शेवटचे अंक काय सांगतात

६१७४ सातने भागत जा: ८८२ बाकी ०, १२६ बाकी ०, १८ बाकी ०, २ बाकी ४, ० बाकी २. म्हणजे ६१७४ = [२४०००].

शेवटी तीन शून्यं आली, कारण ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. सात हा मूळ अवयव तीनदा आहे, म्हणून शून्यं तीन. ‘६१७४ ला ३४३ ने भाग जातो’ हा संख्येचा स्वतःचा गुण. तो कोणत्याही पायात खराच आहे, फक्त सातच्या पायावर तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. दहाच्या पायावर तो दिसत नाही, शोधावा लागतो.

पाया मूळ संख्या नसेल तर शून्यांचा हिशोब बदलतो. सहाच्या पायावर ६१७४ च्या शेवटी एकच शून्य येईल: तीन दोनदा आहे, पण दोन एकदाच, आणि एका शून्याला दोन्ही एकेक लागतात. एकवीसच्या पायावर दोन शून्यं: ६१७४ = १४ × २१ × २१, म्हणजे अंक डावीकडून १४, ०, ०. पाया दहापेक्षा मोठा असला की असे अंक स्वल्पविराम देऊन लिहा, नाहीतर १४ हा एक अंक की दोन, हे कळणार नाही.

सम-विषम ओळखण्याची सवय मात्र इथे मोडते. [१६] चा शेवटचा अंक ६ आहे, पण संख्या १३, म्हणजे विषम. सातच्या पायावर १, ७, ४९, ३४३ या सगळ्या स्थानांच्या किमती विषम आहेत. म्हणून इथे सगळ्या अंकांची बेरीज सम असेल तर संख्या सम, विषम असेल तर विषम. [२४०००] ची बेरीज ६, संख्या सम. [५२५५] ची बेरीज १७, संख्या विषम. हा नियम प्रत्येक विषम पायाला लागू आहे.

पायरी ४: विभाज्यतेच्या कसोट्या

शाळेत ९ ची कसोटी अंकांच्या बेरजेने होते. ९ मध्ये विशेष काही नाही. तो पायापेक्षा एकने लहान आहे एवढंच. सातच्या पायावर ही जागा ६ घेतो. ७ = ६ + १, ४९ = ४८ + १, ३४३ = ३४२ + १: प्रत्येक स्थानाच्या किमतीला सहाने भागलं की बाकी १. चिंचोक्यांनी करून पाहा: सातच्या प्रत्येक ढिगातून सहा आणि प्रत्येक मोठ्या ढिगातून अठ्ठेचाळीस चिंचोके काढले की एकेक उरतो, आणि उरलेल्या चिंचोक्यांची संख्या म्हणजेच अंकांची बेरीज. [५२५५] ची बेरीज १७, १७ ला सहाने भागून बाकी ५. १८५३ ला सहाने भागूनही बाकी ५. सहाचे अवयव २ आणि ३, म्हणून त्यांनाही हीच कसोटी चालते.

दहाच्या पायावर ११ ला जी कसोटी लागते, एकाआड एक अंक मिळवायचे आणि वजा करायचे, ती इथे ८ ला लागते, कारण ७ = ८ − १, ४९ = ४८ + १, ३४३ = ३४४ − १. उजवीकडून सुरू करायचं: ५ − ५ + २ − ५ = −३, त्यात ८ मिळवून ५. आणि १८५३ = ८ × २३१ + ५. डावीकडून सुरू केलं आणि अंकांची संख्या सम असेल तर चिन्ह उलटतं, बाकी ५ ऐवजी ३ येते.

५ चं काय? दहाच्या पायावर ५ सगळ्यात सोपा, इथे तो थोडी मेहनत मागतो. ४९ = ५० − १, म्हणून अंकांच्या जोड्या पाडा आणि जोड्या एकाआड एक मिळवा-वजा करा. [५२ ५५]: उजवी जोडी [५५] = ४०, डावी [५२] = ३७, फरक ३. १८५३ ला ५० ने भागल्यावर बाकी ३च. या एका कसोटीत ५, १०, २५ आणि ५० चारही येतात. जोडी दहाच्या पायावर आणताना ‘पंचावन्न वजा बावन्न’ करू नका. या उदाहरणात फरक योगायोगाने तोच येतो, पण पुढच्या संख्येत ही सवय फसवेल.

पायरी ५: हर्षद आहे का?

अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला पूर्ण भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असं नाव दिलं. हा गुण पूर्णपणे लिखावटीवर अवलंबून आहे, म्हणून ‘हर्षद’ म्हणताना पायाही सांगायलाच हवा.

१८५३: १ + ८ + ५ + ३ = १७, आणि १८५३ = १७ × १०९. दहाच्या पायावर हर्षद. [५२५५] ची बेरीजही १७. सातच्या पायावरही हर्षद!

आता २ ते १२ पर्यंतचे सगळे पाये तपासायचे असतील तर अकरा रूपांतरं करायची गरज नाही. १८५३ चे विभाजक चारच: १, १७, १०९, १८५३. लहान पायांत बेरीज १०९ पर्यंत जात नाही आणि १ फक्त पायाच्या घातांची येते, म्हणून बेरीज १७ च हवी. शिवाय पायरी ४ वरून, संख्येतून अंकांची बेरीज वजा केली की उरलेल्याला ‘पाया उणे एक’ ने भाग जातो. १८५३ − १७ = १८३६. या १८३६ ला ५, ७, ८, १०, ११ ने भाग जात नाही, म्हणून ६, ८, ९, ११, १२ हे पाये न बघताच बाद. राहिले २, ३, ४, ५. तिथे बेरजा अनुक्रमे ८, ११, ११, १३ येतात, तेही बाद. उरले फक्त ७ आणि १०. पुढे १९ च्या पायावर अंक ५, २, १० येतात आणि बेरीज पुन्हा १७.

६१७४ ची बेरीज १८ आणि ६१७४ ÷ १८ = ३४३. तीही दहाच्या पायावर हर्षद. [२४०००] ची बेरीज ६, भाग जातो. अठराच्या पायावर ६१७४ लिहून पाहा: ५८३२ + ३२४ + १८, म्हणजे अंक १, १, १, ०. हे रूप मनात ठेवा, पायरी ७ मध्ये लागेल.

हाताला वळण लागावं म्हणून १२ ही संख्या घ्या. ती २ पासूनच्या सगळ्या पायांत हर्षद आहे, अपवाद फक्त आठचा: तिथे ती १४ अशी लिहिली जाते, बेरीज ५, आणि १२ ला ५ ने भाग जात नाही. कोणत्याही पायात कधीच न चुकणाऱ्या संख्या १, २, ४ आणि ६ एवढ्याच.

कापरेकरांच्या देवळाली संख्यांबद्दल थोडक्यात. एखादी संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी कधीच तयार होत नाही ती देवळाली संख्या. दहाच्या पायावर १८५३ तशी नाही, कारण १८४० + १३ = १८५३. सातच्या पायावर मात्र आहे, आणि तिथे शोधायचीही गरज नाही: विषम पायात संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात, त्यामुळे मिळवणी नेहमी सम. प्रत्येक विषम संख्या आपोआप देवळाली.

पायरी ६: कापरेकरांची वजाबाकी सातच्या पायावर

इथे घाई करू नका. आधी उसना घेण्याची सवय बदलायची आहे. डावीकडचा एक सुटा केला की दहा नाही, सात मिळतात. हे परकं वाटत असेल तर घड्याळ आठवा. समजा ८:४१ ला ठाण्याहून निघालेली गाडी ९:१० ला वाशीला पोचली. वजाबाकी करताना तास सुटा करून आपण ६० मिळवतो, १०० नाही. रुपये-आणे-पैच्या काळात आणा सुटा केला की १२ पै आणि रुपया सुटा केला की १६ आणे मिळत. तीच रीत, आकडा सात.

तीन अंकांपासून सुरू करा. [६१०]:

[६१०] − [०१६] = [५६१]
[६५१] − [१५६] = [४६२]
[६४२] − [२४६] = [३६३]
[६३३] − [३३६] = [२६४]
[६४२] − [२४६] = [३६३]

आणि पुढे [२६४], [३६३] हेच आलटून पालटून येत राहतात. दहाच्या पायावर तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात; इथे थांबा नाहीच, दोन संख्यांची फेरी आहे.

उत्तरांमध्ये मधला अंक नेहमी ६ आणि बाहेरच्या दोन अंकांची बेरीजही ६ आहे. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक फ धरला तर उत्तर नेहमी (फ − १), ६, (७ − फ) असं येतं. मधला अंक सुरुवातीच्या संख्येत काय होता याने काहीच फरक पडत नाही. पुढच्या फेरीत सगळ्यात मोठा अंक ६, आणि नवा फरक म्हणजे बाहेरच्या दोघांपैकी जो मोठा तो. फरक बदलायचा थांबायचा असेल तर फ = ७ − फ हवं, म्हणजे फ हा सातचा अर्धा. सात विषम आहे, त्याचा पूर्ण अर्धा नाही, म्हणून ३ आणि ४ यांत हेलकावे. सम पायात अर्धा मिळतो आणि संख्या स्थिरावते: दहाच्या पायावर ४९५, सहाच्या पायावर २५३, आठच्या पायावर ३७४. हे सूत्र समजलं की कोणत्याही सम पायाची तीन अंकी स्थिर संख्या वजाबाकी न करता लिहिता येते.

आता चार अंक. १८५३ दहाच्या पायावर ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ अशी जात पाचव्या वजाबाकीत ६१७४ ला पोचते. तीच संख्या सातच्या पायावर:

[५५५२] − [२५५५] = [२६६४]
[६६४२] − [२४६६] = [४१४३]
[४४३१] − [१३४४] = [३०५४]
[५४३०] − [०३४५] = [५०५२]
[५५२०] − [०२५५] = [५२३२]
[५३२२] − [२२३५] = [३०५४]

[३०५४], [५०५२], [५२३२] अशी तीन संख्यांची फेरी. सातच्या पायावरची कोणतीही चार अंकी संख्या, चारही अंक सारखे नसतील तर, याच फेरीत येते. हे विश्वासावर घेऊ नका, एका दुपारी तपासता येतं. उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं: सर्वांत मोठा उणे सर्वांत लहान अंक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. अशा वेगळ्या जोड्या फक्त २७ आहेत. प्रत्येक जोडीतून कोणती जोडी निघते याचा तक्ता करा आणि बाण काढा. सहाच्या पायावर जोड्या २०, आणि तिथे फेरी सहा संख्यांची आहे: १५५४, ४०४२, ४१३२, ३०४३, ३५५२, ३१३३. हीही करून बघा.

चुका इथे ठरावीक ठिकाणी होतात. उत्तराच्या डावीकडचं शून्य टाकून दिलं की संख्या तीन अंकी होते आणि सगळं बिघडतं. दहाच्या पायावर ०९९ चं ९९ लिहिणाऱ्याला पुढे शून्य मिळतं, त्याचं कारण हेच. उसना घेताना सवयीने दहा मिळवले तर बहुधा ७, ८ किंवा ९ हा अंक उमटतो, तो दिसला की तिथेच थांबा. आणि प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज सहाच्या पटीत यायलाच हवी, कारण वजा केलेल्या दोन्ही संख्यांचे अंक तेच असतात. वरच्या ओळींत बेरजा १८, १२, १२, १२, १२, १२ आहेत. प्रत्येक ओळीच्या शेवटी ही बेरीज समासात लिहा.

मग ६१७४ सारखी स्थिर संख्या आणखी कुठे आहे? पाया पाचच्या पटीत असेल तिथे तर नक्कीच. पाया ५क धरा आणि अंक ३क, क − १, ४क − १, २क घ्या. क = २ ला ६, १, ७, ४. क = १ ला पाचच्या पायावर ३०३२. क = ३ ला पंधराच्या पायावर ९, २, ११, ६. अशी संख्या त्या पायात स्वतःवरच परतते, एवढं यातून सिद्ध होतं. सगळ्या चार अंकी संख्या तिथे येतील असं मात्र यातून निघत नाही, ते प्रत्येक पायात वेगळं तपासावं लागतं.

पायरी ७: नुसत्या एककांच्या संख्या

४०० सातने भागून पाहा: ५७ बाकी १, ८ बाकी १, १ बाकी १, ० बाकी १. ४०० = [११११]. आणि ४०० हा २० चा वर्ग. तीन किंवा जास्त एककांनी लिहिलेली आणि पूर्ण वर्ग असलेली संख्या सगळ्या पायांत मिळून दोनच ठिकाणी सापडते: सातच्या पायावर ११११ आणि तीनच्या पायावर १११११, म्हणजे १२१. नॉर्वेचे गणिती ल्युंगग्रेन यांनी हे १९४३ मध्ये सिद्ध केलं. घनाचंही एक सुंदर उदाहरण आहे: अठराच्या पायावर १११ म्हणजे ३२४ + १८ + १ = ३४३, सातचा घन. पायरी ५ मध्ये ६१७४ अठराच्या पायावर १११० आली होती, ती याच ३४३ ची अठरापट.

[१११] चा वर्ग [१२३२१], म्हणजे ५७ × ५७ = ३२४९. ठाण्याच्या पुढच्या डोंबिवलीचं जुनं नाव डेम्लो. कापरेकरांनी आपल्या ‘डेम्लो संख्यां’ना हे नाव तिथूनच दिलं, आणि १२३२१ हा प्रकार त्यातलाच. हा जिना हातचा येत नाही तोवरच टिकतो. दहाच्या पायावर नऊ एककांपर्यंत, सातच्या पायावर सहापर्यंत. सातवा एकक घेतला की मधल्या स्थानी सात येतात आणि हातचा सगळं मोडतो. १२१ मात्र तीनपासून पुढच्या प्रत्येक पायात पूर्ण वर्गच, कारण तो ‘पाया अधिक एक’ चा वर्ग आहे.

स्प्रेडशीटवर करायचं असेल तर

हाताने पाच-दहा संख्या झाल्यावरच इकडे या. स्प्रेडशीटमध्ये बेस नावाचं फंक्शन आहे: पहिल्या जागी संख्या, दुसऱ्या जागी पाया, तिसऱ्या जागी किमान किती अंक हवेत ते. पाया २ पासून ३६ पर्यंत चालतो. तिसरी जागा रिकामी सोडली तर डावीकडची शून्यं जातात आणि कापरेकरांची वजाबाकी बिघडते, म्हणून तिथे ४ लिहा. मिळालेलं उत्तर मजकूर असतं, संख्या नाही. त्यावर सरळ वजाबाकी केली तर ती दहाच्या पायावर होईल. आधी डेसिमल या फंक्शनने दोन्ही संख्या नेहमीच्या करा, वजा करा, मग पुन्हा बेस लावा.

पिनकोडवर सराव

ठाणे स्टेशन परिसराचा पिनकोड ४००६०१ आणि वाशीचा ४००७०३ घ्या. उत्तरं [३२५५६३५] आणि [३२५६१४२] यायला हवीत. सहाच्या कसोटीत दोघांचीही बाकी ५. आठच्या कसोटीत पहिल्याची १, दुसऱ्याची ७.

उत्तर जुळलं नाही तर या दोन कसोट्याच चूक कुठे आहे ते सांगतात. सहाची जुळते पण आठची नाही, तर बहुधा शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी गेलेत. बेरीज तीच राहिली, चिन्हं मात्र उलटली. सहाची जुळत नसेल तर एखादी बाकीच चुकली आहे. दोन्ही जुळतात आणि तरी उत्तर चूक, असंही होतं: एक स्थान सोडून असलेले दोन अंक आपसात बदलले तर दोन्ही कसोट्यांना ते कळत नाही. तेव्हा पायरी २ प्रमाणे उलट या आणि भागाकार ओळीने जुळवा.